तेल भरलेलं होतं!

मला जुनी म्हणा, माझी काही हरकत नाही. बावीस वर्षांची आहे मी, त्यात लपवायचं काय? माझा लाल रंग उन्हाने विटलाय, उजव्या दाराची काच निम्म्यावर येऊन अडते, आणि माझी बैठक इतकी खाली आहे की माणूस आत बसत नाही, पडतो. हे सगळं कबूल. पण मला 'दगाबाज' म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही. मध्यंतरी एका शिकल्यासवरल्या माणसाने चारचौघांत माझ्या बॉनेटवर थाप मारून मला दगाबाज म्हटलं, आणि जिने माझ्यासाठी हात काळे केले होते तिला 'निष्काळजी' म्हटलं. मित्रांनो, तेव्हापासून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतोय. म्हणून आज पहिल्यापासून सगळं सांगते. मधे कोणी बोलू नका.

मी स्पोर्ट्स कार. दोन दारं, दोनच माणसांची जागा, आणि नाकाखाली चार सिलिंडरचं इंजिन. मी जन्मले त्या कारखान्यात शेवटच्या टेबलाशी एक पोक्त कारागीर बसायचा. त्याचं काम एकच, नवं इंजिन चालू करून ऐकायचं. माझं इंजिन त्याने जरा जास्तच वेळ ऐकलं. मला वाटलं, झालं, काहीतरी खोट निघाली. पण तो भुवया उडवून हसला आणि शेजारच्याला म्हणाला, "ये, तूपण ऐक." असं कौतुक सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

आता एक गोष्ट समजून घ्या, पुढे लागणार आहे. इंजिनाच्या तळाशी तेलाचं एक भांडं असतं. गॅरेजात त्याला चेंबर म्हणतात. त्या तेलात एक नळी बुडालेली असते आणि नळीच्या तोंडाशी असते जाळी. पंप त्या जाळीतून तेल ओढतो आणि वर फिरणाऱ्या प्रत्येक भागापर्यंत पोचवतो. तेल पोचलं नाही तर लोखंडावर लोखंड घासतं आणि बघता बघता इंजिनाचं वाटोळं होतं. असं व्हायला लागलं की आम्ही गाड्या आरडाओरडा करत नाही, आम्हाला तोंड कुठे आहे? आम्ही चालकासमोर एक लाल दिवा लावतो. त्यावर तेलाच्या किटलीचं चित्र असतं. त्याहून स्पष्ट आम्ही काय बोलणार?

माझी पहिली मालकीण विमान चालवायची. सकाळी मला सुरू केलं की ती तीन मिनिटं नुसती बसून राहायची, इंजिन गरम होऊ द्यायची, आणि तोवर समोरचे सगळे काटे आणि दिवे एकदा नजरेखालून घालायची. घरचे हसायचे. "अगं, हे काय विमान आहे?" असं तिचा नवरा म्हणायचा. तिने कधी मनावर घेतलं नाही. सतरा वर्षं आम्ही दोघींनी वळणावळणाचे रस्ते पालथे घातले. पुढे तिचे गुडघे गेले. मग मी घरासमोर थांबले की तिची सून यायची, सासूचे दोन्ही हात धरायची आणि "एक, दोन, तीन" म्हणून तिला बाहेर ओढायची. एकदा 'तीन'ला दोघीही रस्त्यावर बसल्या आणि हसून हसून त्यांना उठता येईना. त्या संध्याकाळी मला विकायचं ठरलं. निघताना ती माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ बसली होती. सून बाहेर थांबली होती, पण तिने घाई केली नाही.

दुसरा मालक मला 'गुंतवणूक' म्हणायचा. त्याने मला जाड कापडाखाली झाकलं आणि चार वर्षं तशीच ठेवली. गाडी नुसती उभी राहिली तरी झिजते, हे त्याला कोण सांगणार? माझ्या चेंबरच्या कडेचं पॅकिंग वाळून तडकलं आणि तिथून तेलाचा एकेक थेंब गळायला लागला. दुखणं म्हणावं असं ते नव्हतंच. कोणीही बऱ्या मेकॅनिकने अर्ध्या दिवसात नवं पॅकिंग बसवलं असतं. पण त्याने मला विकलं, तेही जुन्या गाड्यांच्या आवारात, एका शेठला.

या शेठची एक पद्धत होती. रोज सकाळी आवार उघडलं की तो प्रत्येक गाडीच्या पोटाखाली एकेक पांढराशुभ्र पुठ्ठा सरकवायचा. "गिऱ्हाईक गाडीकडे बघत नाही, गाडीखाली बघतं," असं तो म्हणायचा. पुठ्ठा कोरडा दिसला की लोकांचा जीव भांड्यात पडायचा. माझ्या पुठ्ठ्यावर मात्र रोज दुपारपर्यंत चार-पाच काळे ठिपके उमटायचे. दोन दिवस शेठने पुठ्ठा बदलला. तिसऱ्या दिवशी त्याने बाह्या सारल्या, माझं चेंबर उतरवलं, कडा नीट पुसल्याही नाहीत आणि निळ्या पेस्टची अख्खी नळी त्यावर पिळली.

ती पेस्ट वाईट नसते. चेंबरची कड बंद करायला तीच वापरतात, पण शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक! शेठने बोटाएवढा जाड थर दिला आणि चेंबर दाबून बसवलं. निम्मी पेस्ट बाहेर आली, ती त्याने अंगठ्याने सारखी केली. निम्मी आत गेली. ती कोणाला दिसणार होती? ती माझ्या तेलात लोंबत राहिली, सुकली आणि तिचे तुकडे पडायला लागले. मी हे सगळं सोसत होते आणि शेठ कोरड्या पुठ्ठ्याकडे बघून खूश होत होता. अरे, गळती थांबवायला माझा गळाच आवळलास की रे!

मग आले डॉक्टर. दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांना "आ करा" म्हणून त्यांच्या तोंडात डोकावणारा हा माणूस, पण मला विकत घेताना त्याने माझं बॉनेट उघडून बघितलं नाही. कारण त्याच्याबरोबर होता त्याचा मेहुणा, बायकोचा भाऊ. मेहुण्याला गाड्यांमधलं सगळं कळत होतं. म्हणजे असं तोच म्हणायचा. त्याने माझ्या टायरला लाथ मारली, मग जमिनीवर आडवा झाला, मोबाइल माझ्या पोटाखाली धरून पटापट फोटो काढले आणि कपडे झटकत उठला.

"भाऊजी, एक थेंब नाही! पुठ्ठा बघा, आरसा आहे आरसा. डोळे झाकून घ्या."

भाऊजींनी डोळे झाकूनच घेतलं.

खोटं कशाला बोलू, डॉक्टरांचा माझ्यावर जीव होता. लहानपणापासून त्यांना अशी गाडी हवी होती. ते मला स्वतः धुवायचे, माझे आरसे पुसायचे, आणि दवाखान्याच्या खिडकीतून पेशंटला बोट दाखवून सांगायचे, "ती लाल, ती माझी." पण जीव असणं वेगळं आणि लक्ष असणं वेगळं. बाहेरून इतकं चकाचक करणाऱ्या माणसाला आत काय चाललंय ते एकदाही बघावंसं वाटू नये?

तेल बदलायला त्यांनी मला त्यांच्या गल्लीच्या टोकाच्या गॅरेजात नेलं. पत्र्याचं छप्पर, तीन गाड्या मावतील एवढी जागा, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने आणि दाराशी गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी बाक. गॅरेज एका काकांचं होतं आणि त्यांची पुतणी तिथे बारा वर्षं काम करत होती. सगळे तिला ताई म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणते. काकांनी आयुष्यभर लोखंडावर हातोडे मारले होते आणि त्यात त्यांचे कान गेले होते. ते कोणाला सांगायचे नाहीत, पण ताईला ठाऊक होतं. इंजिनाचा आवाज ओळखायची वेळ आली की काका काहीतरी निमित्त काढून बाजूला व्हायचे आणि ताई ऐकायची. मी रॅम्पवर चढले त्याच दिवशी काका तिला म्हणाले, "पहिल्या तारखेपासून गॅरेज तू चालवायचं. मी आता बाकावर बसून चहा पिणार."

त्या दिवशी ताईने पाने दोनदा पुसले.

तिने माझं जुनं तेल काढलं. तेल बदलताना चेंबर उतरवत नाहीत, फक्त तळाचा एक बोल्ट काढतात. तेल खालच्या भांड्यात पडत होतं आणि त्याबरोबर नखाएवढा एक निळा तुकडा आला. ताईने तो चिमटीत धरला, चोळून बघितला. मी मनात म्हटलं, बघ गं बाई, नीट बघ!

"डॉक्टर, चेंबर एकदा उघडून बघायला हवं," ती म्हणाली. "आत काहीतरी आहे. गाडी दोन दिवस ठेवा."

"छे, छे! रविवारी आम्हाला लांब जायचंय," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही तेल बदला आणि द्या."

ताईने तो तुकडा हातात फिरवला. दाराशी आणखी दोन गाड्या थांबल्या होत्या. "बरं," असं म्हणून तिने नवं तेल भरलं, पट्टीवर मोजलं, अगदी खुणेपर्यंत, आणि मला सोडून दिलं. ताईवर माझा राग आहे तो एवढ्याच एका शब्दावर.

त्या रविवारपासून माझा लाल दिवा लागायला लागला. सावकाश चालवलं की विझायचा. वेग वाढवला, इंजिनाने जास्त तेल मागितलं, की लगेच लागायचा. जाळी बुजत चालली होती, मित्रांनो! पेस्टचे तुकडे एकावर एक येऊन बसत होते. चेंबर तेलाने भरलेलं, आणि वर मी तहानेने व्याकूळ.

"हा दिवा का लागतोय रे?" डॉक्टरांनी विचारलं.

"सेन्सर गेला असेल," मेहुण्याने तोंड वर करून सांगितलं. "जुन्या गाड्यांत दिवे असेच लागतात, भाऊजी. लक्ष द्यायचं नाही."

अकरा दिवस! अकरा दिवस मी दिवा लावत होते आणि अकरा दिवस हे दोन शहाणे त्याकडे कानाडोळा करत होते. दहाव्या दिवशी इंजिनातून खटखट सुरू झाली. मेहुण्याने काय केलं असेल? गाण्यांचा आवाज वाढवला. अकराव्या दिवशी एका लांब चढावर माझ्या पोटात हातोडा आपटल्यासारखे ठोके पडायला लागले आणि मी थांबले. दगा नाही दिला हो, माझ्याने पुढे जाववेना. मला दोरीला बांधून गॅरेजपर्यंत ओढत आणलं. ज्या रस्त्याने मी मिरवत गेले होते त्याच रस्त्याने ओढत आणलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गॅरेजात बाकावर तीन गिऱ्हाइकं बसली होती. डॉक्टरांनी आल्या आल्या तोंड सोडलं.

"पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही हिला हात लावला आणि आज इंजिन बसलं! चांगली चालणारी गाडी होती माझी. दगाबाज निघाली. आणि तुम्ही? बोल्ट सैल ठेवलात की तेल भरायलाच विसरलात? इतका निष्काळजीपणा? अहो, लोकांचे जीव असतात यात!"

ताईने तेलाची पट्टी ओढली, पुसली, परत घातली आणि काढून दाखवली. तेल खुणेपर्यंत होतं. बोल्टही घट्ट होता.

"मग चुकीचं तेल घातलं असणार," मेहुणा मोबाइलमध्ये बघत म्हणाला. "इथे लिहिलंय, पातळ तेल घातलं तर बेअरिंग जातात."

"बरोबरच होतं तेल. डबा अजून इथेच आहे," ताई म्हणाली.

"डब्याचं काय घेऊन बसलात? डबा कोणीही ठेवेल," डॉक्टर म्हणाले, आणि काकांकडे वळले. "काका, तुमच्यावर विश्वास आहे म्हणून गाडी इथे ठेवतो. पण हिने माझ्या गाडीला हात लावायचा नाही. सांगून ठेवतो."

बाकावरचा एक जण हळूच उठला आणि "मी उद्या येतो" म्हणून आपली गाडी घेऊन गेला. काकांनी ते पाहिलं. चाळीस वर्षं मिळवलेलं नाव दारातून बाहेर जाताना दिसलं की माणूस घाबरतो. काका घाबरले आणि घाबरलेल्या माणसाने जे करू नये तेच त्यांनी केलं.

"तू सध्या टायर बघ," ते ताईला म्हणाले. "इंजिनाला हात नको लावूस. पहिल्या तारखेचं नंतर बघू."

बारा वर्षं! आणि एका वाक्यात टायर! ताई कोपऱ्यात जाऊन पंक्चरच्या ट्यूबला पॅच लावायला बसली. मला जर हात असते ना, तर मी त्या मेहुण्याचा मोबाइल आधी पाण्याच्या टबात बुडवला असता.

डॉक्टर गेल्यावर काकांनी मला सुरू केलं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मी जिवाच्या आकांताने ठोकत होते. काकांनी इथे टेकवलं, तिथे टेकवलं. मग म्हणाले, "टॅपेट वाजतायत. वरचं झाकण उघडावं लागेल."

"काका, बंद करा!" कोपऱ्यातून ताई ओरडली. "वरून नाही, खालून येतोय आवाज. अजून चालवलंत तर सगळंच जाईल."

काकांनी मला बंद केलं. मग काकांनी तो स्क्रू ड्रायव्हर तिच्यापुढे धरला.

"मला नाही येत ऐकू," ते म्हणाले. "चल, तू ऐक."

"मी टायर बघतेय."

"पोरी, आता अंत बघू नकोस."

ताई उठली, हात पुसले आणि आली. तिने मला दहाच सेकंद सुरू ठेवलं, तेवढ्यात पहिल्या प्लगची वायर काढून परत लावली. ठोका तसाच. लगेच दुसरी. तसाच. तिसरी काढली आणि ठोका एकदम मऊ झाला. ज्या सिलिंडरची ठिणगी तोडली की ठोका मऊ होतो, दुखणं त्याच्याच खाली. "तीन नंबरचं बेअरिंग," ती म्हणाली. पण तेवढ्यावर ती थांबली नाही, हे मला फार आवडलं. बेअरिंग गेलं हे कळलं, पण का गेलं? तिने माझ्या लाल दिव्याचा सेन्सर काढला आणि त्या जागी दाबाचं घड्याळ जोडलं. घड्याळात तेलाचा खरा दाब दिसतो, तिथे सेन्सरचं निमित्त चालत नाही. इंजिन सावकाश असताना काटा थोडा वर होता. तिने क्षणभर वेग वाढवला आणि काटा चढायच्या ऐवजी धाडकन खाली आला.

"तेल आहे, पण वर चढत नाहीये," ताई म्हणाली. "जाळी बुजलीय. चेंबर उघडलं की कळेल."

काकांनी लगेच पाना उचलला. ताईने त्यांचा हात धरला.

"आत्ता नाही. उद्या डॉक्टरांना बोलवा. त्यांच्यासमोर उघडायचं. नाहीतर म्हणतील, यांनीच काहीतरी कोंबलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले, मेहुणाही आला. काकांनी डॉक्टरांना रॅम्पखाली उभं केलं आणि पाना सरळ ताईच्या हातात दिला. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण काकांनी तिकडे बघितलंच नाही. ताईने तेल सोडलं. ते तांब्याच्या बारीक चुऱ्याने चमकत होतं. तो माझ्या बेअरिंगचा चुरा होता. मग एकेक बोल्ट काढून तिने चेंबर उतरवलं, आणि जाळी सगळ्यांना दिसली. जाळी कसली? निळ्या रबराचा गोळा! एक छिद्र मोकळं नव्हतं.

"बाप रे," डॉक्टर म्हणाले. रोज कोणाच्या ना कोणाच्या तोंडात डोकावणारा माणूस, पण माझ्या तोंडात त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"ही पेस्ट यांनीच लावली असणार!" मेहुणा म्हणाला.

"मी चेंबर उतरवलंच नव्हतं," ताई म्हणाली. "बाहेरच्या कडेला बघा, इथेही निळी पेस्ट आहे."

"ती तुम्ही नंतर लावली असेल. माझ्याकडे गाडी घेतली त्या दिवशीचे फोटो आहेत. एक नंबर कोरडी होती!"

"मग दाखव की," डॉक्टर म्हणाले.

मेहुण्याने मोठ्या तोऱ्यात मोबाइल काढला. पहिला फोटो पुठ्ठ्याचा. दुसरा पुठ्ठ्याचा. तिसऱ्यात चेंबर दिसत होतं, आणि त्याच्या कडेने अंगठ्याने सारवलेली जाडजूड निळी रेघ, स्वच्छ उन्हात. खाली तारीख. या गॅरेजची पायरी मी चढायच्या आधीची. मेहुण्याने फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला, आणि मग त्याला अचानक महत्त्वाचा फोन करायचा आठवला. तो बाहेर गेला तो परत आत आला नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. ताई सुटली होती. पण ती हात पुसत म्हणाली, "एक मलाही सांगायचंय. तेल बदलताना मला या पेस्टचा एक तुकडा सापडला होता."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं!" डॉक्टर उसळले.

"शंका आली होती. मी म्हटलं, चेंबर उघडू. तुम्ही नको म्हणालात, आणि मी बरं म्हटलं. ते म्हणायला नको होतं मी. गाडी अडवून धरायला हवी होती. तेवढी चूक माझी. पण अकरा दिवस दिवा लागत होता ना, डॉक्टर? तेव्हा गाडी कोण चालवत होतं?"

डॉक्टर रॅम्पखालून बाजूला सरकले.

मला सांगा, मित्रांनो, हा कुठला न्याय? शेठने माझं वाटोळं केलं, तो अजूनही रोज सकाळी पुठ्ठे सरकवतोय. डॉक्टर त्याच्याकडे भांडायला गेले तर त्याने "गाडी दिली तेव्हा कोरडी होती, तुम्हीच बघितलंत" म्हणून हात झटकले. मेहुण्याने तोंड लपवलं. आणि ज्या एकटीचा सगळ्यात कमी दोष, तिनेच तेवढा आपला दोष चारचौघांत बोलून दाखवला. मी संतापाने नुसती धुमसत होते, पण रॅम्पवर पोट उघडं टाकून पडलेल्या गाडीला विचारतो कोण?

काकांनी मात्र ऐकलं होतं. ते म्हणाले, "इंजिन तूच बांधायचंस." बस, एवढंच. चार दिवस ताई माझ्या पोटात डोकं घालून होती. क्रँक, म्हणजे बेअरिंगांत फिरणारा दांडा, घासून घेतला, चारही बेअरिंग नवी घातली, जाळी बदलली, आतला निळा चुरा कणाकणाने धुऊन काढला. चेंबरच्या कडेला पेस्ट लावली, ती खरोखरच शिवणाच्या दोऱ्याएवढी. मला सुरू केल्यावर काका लांबूनच बघत होते. "कसं वाजतंय?" त्यांनी विचारलं. ताईने बराच वेळ ऐकलं आणि म्हणाली, "छान." काका म्हणाले, "मग पहिल्या तारखेला लवकर ये. कुलूप तू उघडायचंस."

शनिवारी डॉक्टर मला न्यायला आले. बाकावर पाच जण होते. त्या दिवशी "उद्या येतो" म्हणून गेलेलाही त्यात होता, पण तो काकांची वाट बघत होता. ताईकडे कोणीच बघत नव्हतं. निष्काळजी हा शब्द पाच जणांनी ऐकला तर पन्नास जणांना कळतो, निर्दोष निघाल्याचं मात्र कोणी कोणाला सांगत नाही. डॉक्टर आत बसले, मला सुरू केलं, काच निम्मी खाली घेतली आणि स्टिअरिंगकडे बघत पुटपुटले, "ताई, त्या दिवशी मी जरा... म्हणजे, तुमची माफी मागायची होती."

"काय म्हणालात?" ताईने विचारलं.

"माफी मागतोय तुमची."

"ऐकू येत नाही, डॉक्टर. इंजिन चालू आहे."

असं म्हणून ताईने खिडकीतून हात आत घातला, किल्ली फिरवली आणि मला बंद केलं. सगळं गॅरेज शांत झालं. बाकावरच्या पाचही जणांनी माना वळवल्या.

"हं," ताई म्हणाली. "आता बोला."

डॉक्टर लालबुंद झाले. पण मी सांगितलं ना, माझी बैठक खोल आहे, तिथून पटकन उठून पळताही येत नाही. ते दोन्ही हात टेकून कसेबसे बाहेर आले, उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मी या ताईंना सगळ्यांसमोर निष्काळजी म्हणालो होतो. ते खोटं होतं. चूक माझी होती, गाडी दिवा दाखवत होती, मी बघितला नाही. ताई, मला माफ करा."

ताईने नुसती मान हलवली. बाकावरचा तो 'उद्या येतो'वाला उठला, क्षणभर घुटमळला, आणि काकांना वळसा घालून तिच्यापाशी गेला. "ताई, माझ्या गाडीचापण काहीतरी आवाज येतोय. जरा ऐकता का?"

मित्रांनो, आयुष्यात बंद पडल्याबद्दल मी पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत. त्या दिवशी मात्र मी बंद होते आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. माझं एवढंच ऐका. आम्हाला धुऊ नका, पुसू नका, पेशंटला बोट दाखवून मिरवू नका, चालेल. पण आम्ही काही सांगायला लागलो की गाण्यांचा आवाज वाढवू नका. आणि आमच्यावरून कोणा माणसाला सगळ्यांसमोर बोल लावलात, तर माफीही सगळ्यांसमोरच मागा, इंजिन बंद करून.